खाजरी झाडं आणि मोबाईलमधला फोटो
(जिल्हा बैठकीतील भाषण)



निंदायला गेलेली बाई हात खाजवत घरी येते. पोरगा धुऱ्यावर जाऊन पानाचा एक फोटो काढतो आणि दुकानदाराला दाखवतो. दुकानदार म्हणतो, 'रुंद पानाचं तण आहे, ही बाटली न्या.' बाटलीत असतं टू-फोर-डी. ज्वारीत ते चालतं. कपाशीला त्याची वाऱ्यावर आलेली फवार लागली तरी पानं भेंडीसारखी होतात. म्हणजे खाज एका हाताला आणि नुकसान सगळ्या पऱ्हाटीचं! म्हणून आज आम्ही फोटोबद्दलच बोलणार आहोत.

खाज आली की सगळे 'खाजकुइली' म्हणून मोकळे होतात. खाजकुइली ओळखणं सोपं आहे. ती शेंगवर्गातली वेल, एका देठावर तीन पानं, फुलं जांभळी, शेंग वाकडी आणि तिच्यावर सोनेरी-तांबूस लव. खाज त्या लवेची. शेंगा वाळल्या की लव वाऱ्यानं उडते, आणि नेमकी वेचणी चालू असते.

फसवते ती खाजकोलती. ही एरंडाच्या कुळातली बारीक वेल कुंपणाच्या काट्यांत लपते. देठाला एकेकच पान, काठाला दाते, फळ एरंडासारखं तीन फाकांचं पण चिमुकलं. फळ दिसलं की शंका उरत नाही. फोटोत मात्र नेमकं फळच नसतं.

खरी आग्या डोंगरातल्या ओलसर सावलीत उभी वाढते, पानं मोठी आणि फाटलेली. मोबाईलला विचारलं तर तो बहुधा हिमालयातली बिच्छू घास दाखवतो. तिची पानं समोरासमोर असतात, आपल्या आग्याची एकाआड एक. (गढवालात त्या बिच्छू घासाची कोवळी पानं उकडून भाजी करतात, उकडल्यावर डंख जातो. आपल्या धुऱ्यावरच्या वेलीवर हा प्रयोग कुणी करू नये.)

तेव्हा पानाचा एकच फोटो कामाचा नाही. पूर्ण झाड घ्या, खोडाला पानं कशी लागलीत ते घ्या, पानाची मागची बाजू घ्या आणि फूल-फळ घ्याच. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. पान हातानं नव्हे, काडीनं उलटवा. फळ धरलं नसेल तर थांबा, तेवढ्यानं पीक बुडत नाही. तरीही कळलं नाही तर फळासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांना दाखवा.

या वेली बहुतेक धुऱ्यावर असतात, आणि थोड्याच. शेंगा धरण्याआधी जाड हातमोजे घालून कुदळीनं मुळासकट काढता येतात. त्याला बाटली लागत नाही.

ज्यांच्या मोबाईलमध्ये असे फोटो आहेत त्यांनी बैठक संपल्यावर इथंच थांबावं, आपण एकेक करून पाहू.