अडकलेला घास आणि शाळकरी मुले



अन्नदानाचे माहात्म्य जेथे नित्य अनुभवास येते, तेथे अन्नग्रहणाविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगणे अप्रस्तुत ठरू नये. जो घास देहाचे पोषण करतो, तोच वाट चुकल्यास प्राणावर बेततो. अन्ननलिका व श्वासनलिका या दोन वाटा घशात शेजारी शेजारी आहेत. गिळतेवेळी श्वासमार्गावर आपोआप झाकण पडते. परंतु तोंडात घास असता मनुष्य बोलू, हसू वा धावू लागला की हा मेळ चुकतो. जेवताना मौन पाळण्याची वडीलधाऱ्यांची शिकवण या दृष्टीनेही हिताचीच आहे.

इंदूर नगरीत पोहे, शेव, शेंगदाणे हे मुलांच्या नित्य परिचयाचे पदार्थ. मधल्या सुट्टीत डबे उघडतात, हास्यविनोद चालतो, आणि अशा वेळी एखाद्याचा घास अडकला तर जवळ कोण असते? वैद्य नसतो, मातापिता नसतात, पुष्कळदा गुरुजीही नसतात. असतो तो शेजारचा सवंगडी. श्वास सर्वथा कोंडल्यास चार-पाच मिनिटांतच मेंदूस इजा पोहोचू लागते. या नगरीत १८७८ साली वैद्यकशाळा निघाली आणि १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तथापि एवढ्या अल्पावधीत रुग्णालय गाठणे येथेही दुरापास्तच. म्हणून ही विद्या मुलांच्या हाती असली पाहिजे.

पहिला पाठ ओळखण्याचा. मूल मोठ्याने खोकत असेल, तर त्यास खोकू द्यावे. खोकला हाच निसर्गाचा उत्तम उपाय होय. परंतु आवाज फुटेना, हात गळ्याकडे गेले, ओठ निळसर पडू लागले, तर वाट बंद झाली असे समजावे. ठसका लागताच ‘वर पाहा’ म्हणून टाळूवर थोपटण्याची, पाणी पाजण्याची रीत घरोघरी आहे. तिच्यामागे माया असते. पण बंद वाट पाण्याने मोकळी होत नाही, आणि न दिसणारा घास बोटाने काढू गेल्यास तो अधिक खोल जातो.

दुसरा पाठ हाक मारण्याचा. पहिलीतले मूलही गुरुजींना ओरडून बोलावू शकते. संकोचाने उठून एकटा बाहेर जाणाऱ्या सवंगड्यास मात्र एकटे सोडू नये.

तिसरा पाठ कृतीचा. त्यास पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरकस थापा द्याव्यात. तेवढ्याने न निभावल्यास पाठीमागे उभे राहून बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवावी, ती दुसऱ्या हाताने धरावी आणि आत व वर असे पाच हिसके द्यावेत. त्यायोगे फुप्फुसांत उरलेली हवा वेगाने बाहेर येते व घासास ढकलते. हिसक्यांची ही रीत अमेरिकन शल्यवैद्य हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली मांडली. प्रथम पाच थापा, मग पाच हिसके, हाच क्रम अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचनांतही आहे. घास निघेपर्यंत तो आळीपाळीने चालू ठेवावा. वर्षाच्या आतील बालकाच्या पोटावर मात्र दाब देऊ नये. पाठीवर थापा व छातीवर दाब द्यावा. शुद्ध हरपल्यास जमिनीवर निजवून १०८ क्रमांकास कळवावे, आणि जाणत्याने छातीदाब आरंभावा. हिसक्यांनी घास निघाला तरी वैद्यास दाखवावेच.

शिकविताना एक पथ्य पाळावे. मुलांनी परस्परांवर केवळ हात ठेवण्याची जागा शिकावी. जोर लावावयाचा तो उशीवर. लहानांस पहिले दोन पाठ पुरेत. तिसरा मोठ्या मुलांस प्रशिक्षित व्यक्तीकडून द्यावा.

यास द्रव्य लागत नाही, उपकरण लागत नाही. शाळेची एक तासिका आणि वरचेवर उजळणी पुरते. भुकेल्यास घास देणे हे पुण्य खरेच. अडकलेला घास सोडविणे हेही त्याच सेवेचे अंग होय, आणि ती सेवा बालकांच्या हातूनही घडू शकते.