वळवाची सर

सुखाची आगाऊ तरतूद करून ठेवावी, असे मनुष्यास नेहमीच वाटत आले आहे. अकोल्यातील एखादे सुखवस्तू कुटुंब चैत्र लागला की चिखलदऱ्यास जाण्याचे बेत करू लागते. साडेतीन हजार फुटांहून उंच असलेले ते ठिकाण थंड खरे. परंतु कोणी जावयाचे, घर कोणी राखावयाचे, फराळाचे डबे किती न्यावयाचे, यावर इतका खल होतो की, गाविलगडचे बुरूज दिसेपर्यंत निम्मी मंडळी रुसलेली असतात. शिवाय इतका पैसा खर्चून आल्यावर आनंद हा झालाच पाहिजे, असा प्रत्येकाच्या मागे जणू तगादाच असतो!

हेच कुटुंब घरी राहते तर मेअखेरच्या एखाद्या संध्याकाळी बेतावाचून त्याच्या पदरात काय पडले असते, हे मोर्णेच्या पश्चिम काठी, असदगडाच्या आश्रयाने वसलेल्या जुन्या शहरात पाहावे. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. मातीच्या धाब्याची घरे येथे आता थोडी उरली, त्यांच्या जागी सिमेंटच्या गच्च्या आल्या. पण उन्हाळ्याचे वाळवण अद्याप वरच पडते. दोन घरे अशी घ्या की, ज्यांची भिंत सामाईक आहे आणि त्या भिंतीवरूनच त्यांचा दिवाणी दावा चालू आहे. अशी घरे शोधावयास फार लांब जावे लागत नाही. एका घरची मंडळी लग्नास परगावी गेली आहेत; घरी राखणीस ठेवलेला मुलगा बाहेर भटकतो आहे, आणि गच्चीवर कुरडया पसरल्या आहेत. तीन दिवस गहू भिजत घालावा, वाटून त्याचा चीक काढावा, तो शिजवून सोऱ्याने पाडावा, तेव्हा कुरडई होते. ती एका सरीने मातीमोल होते.

तोच आभाळ काळवंडते, धुळीची वावटळ उठते आणि टपोरे थेंब पडू लागतात. दुसऱ्या घरची म्हातारी सासू वर धावते. आपले सांडगे गोळा करता करता तिची दृष्टी कठड्यापलीकडे जाते आणि ती ओरडते, "पोरीहो, पया! त्याइच्या कुरडया भिजून राह्यल्या!" दोन्ही सुना पदर खोचून कठडा ओलांडतात. ज्या भिंतीस हात लावू नये म्हणून वकिलास पैसे मोजले, त्याच भिंतीवरून कुरडयांच्या चादरी इकडे येतात. शेवटची चादर जिन्यात येईतो दोघीही नखशिखांत भिजलेल्या असतात, आणि का कोण जाणे, हसत असतात.

त्याच वेळी तो वास येतो. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्यास 'पेट्रिकोर' असे नाव दिले. कोरड्या दिवसांत वनस्पतिजन्य तेले दगडामातीत शोषली जातात व पहिल्या सरीबरोबर ती हवेत येतात. त्यांत मातीतील सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेल्या 'जिओस्मिन' या द्रव्याचा गंधही मिसळतो. कनोजच्या अत्तरवाल्यांनी तर हाच वास कुपीत भरला आहे. पण कुपीतील वास हवा तेव्हा घेता येतो, आणि तेवढ्यामुळेच तो थोडा उणा पडतो.

लग्नाहून परतलेल्या शेजारणीच्या हाती कुरडया जशाच्या तशा पडतात. म्हणून दावा मागे घेतला जातो काय? मुळीच नाही. पुढील तारखेस दोन्ही यजमान कोर्टात हजर असतात. त्या सरीने तंटा मिटला असे सांगितले तर गोष्ट गोड होईल, पण ती खोटी होईल. आणि तंटा मिटला नाही म्हणून ते जिन्यातले हसणेही खोटे ठरत नाही.

पावसाच्या बाबतीत तर हा विवेक वऱ्हाडात फार जपावा लागतो. याच घरातील वृद्ध आजोबांचे गावाबाहेर कपाशीचे शेत आहे. त्या वासाने त्यांचाही ऊर भरून येतो; अंगणात खुर्ची टाकून ते सारी सर अंगावर घेतात, सुनेने छत्री पुढे केली तरी घेत नाहीत. परंतु वळवाच्या सरीवर भरवसा ठेवून ज्याने सरकी टोबली, त्याच्यावर बियाण्याचा दुहेरी खर्च पडून दुबार पेरणीची पाळी येते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, असा कृषिखात्याचा सल्ला आहे. तरणा नातू मात्र उतावीळ झालेला असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा त्यास घेऊन शेतावर जातात. उन्हाने भेगाळलेल्या काळ्या जमिनीत काठी खुपसून पाहतात. ओल चार बोटेच गेलेली असते. खाली कोरडी ठणठणीत ढेकळे. काठीच्या टोकास चिकटलेली ओली माती ते चिमटीत घेऊन हुंगतात, नातवाच्याही नाकाशी धरतात, आणि बियाण्याच्या पिशव्या मृगापर्यंत माळ्यावरच राहू देण्यास सांगून घराकडे वळतात.