वीज गेल्याचे संगणकाला कोण सांगणार?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात फुजैरा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



डॉक्टरला व्यासपीठावर बोलाविले की तो मधुमेहावर बोलणार अशी श्रोत्यांची खात्री असते. आणि भाषणानंतर जेवण असल्यास थोडी धास्तीही असते. आज आम्ही मधुमेह बाजूस ठेवला आहे. बोलणार आहोत ते विजेविषयी. नेमके सांगायचे तर वीज गेल्याची वार्ता संगणकापर्यंत पोहोचविणाऱ्या एका लहानशा आज्ञावलीविषयी. विषय या व्यासपीठाला परका मानू नये. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेच्या धोरणाचे कामही त्यांच्याच खात्याकडे होते, आणि सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्डाची स्थापना त्याच काळातली आहे. आमचा आवाका अर्थातच एका दवाखान्यापुरता आहे.

जुलै २०२२ मधील पाऊस आपणांपैकी अनेकांच्या घरात शिरला होता, त्यामुळे त्याचे वर्णन करीत नाही. २७ आणि २८ जुलै या दोन दिवसांत फुजैरा बंदरावर २५५.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि सात माणसांचा बळी गेला. आमच्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत पाणी आले आणि थांबले. वीज मात्र गेली. अमिरातीत वीज जात नाही, असे आपण गावाकडच्या नातेवाइकांना अभिमानाने सांगतो. मुंबईकरही असेच सांगत असत; १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, तोही करोनाचा काळ.

आमच्याकडे यूपीएस होता आणि त्याने आपले काम चोख केले. बावीस मिनिटे त्याने संगणक चालू ठेवला. बॅटरी संपली तेव्हा एका क्षणात अंधार केला. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. बॅटरी संपत आली आहे, आता आवरते घे, हे संगणकाला कोणी सांगितलेच नव्हते. यूपीएसच्या पाठीमागे त्यासाठी यूएसबीची खाच होती. तिच्यात जोडावयाची तार मूळ खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जशीच्या तशी निजलेली आम्हांस नंतर सापडली.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला, पण रुग्णनोंदींचे कोठार उघडेना. लिहिणे अर्धवट असताना वीज तुटल्याने ते बिघडले होते. आदल्या रात्रीची प्रत होती, ती चढविली. त्यामुळे त्या एका दिवसाच्या सर्व नोंदी गेल्या. त्यांत एका सहा वर्षांच्या मुलाची नोंद होती. पेनिसिलीन दिल्यावर त्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या आणि घसा सुजला होता, असे आईने सांगितलेले आम्ही त्याच दिवशी लिहून घेतले होते. आठवड्याने ते मूल ताप घेऊन पुन्हा आले तेव्हा पडद्यावर अ‍ॅलर्जीचा रकाना कोरा होता. आई सोबत होती आणि तिला आठवण होती. वडील घेऊन आले असते तर काय झाले असते, हा विचार आम्ही आजही पुरता करीत नाही.

येथे थोडे तांत्रिक बोलावे लागेल. पूर्वी प्रत्येक कामाला स्वतंत्र संगणक असे. आता एका दणकट संगणकात अनेक आभासी संगणक नांदतात. ही एक चाळ समजा. तळाशी यजमान प्रणाली, म्हणजे चाळीची इमारत, आत बिऱ्हाडे. आमच्या चाळीत रुग्णनोंदी, क्ष-किरण चित्रे आणि हिशेब अशी तीन बिऱ्हाडे आहेत. खर्च वाचतो, जागा वाचते. पण इमारत कोसळली की तिन्ही बिऱ्हाडे एकदम रस्त्यावर येतात. नोंदी परदेशातील एखाद्या कंपनीकडे ठेवून मोकळे व्हावे, असे काही मित्रांनी सुचविले. तथापि आरोग्यविषयक माहितीसंबंधीचा येथील २०१९चा संघीय कायदा क्रमांक २ अशी माहिती सर्वसाधारणपणे देशाबाहेर नेऊ देत नाही, आणि शेवटच्या उपचारापासून किमान २५ वर्षे ती जपून ठेवावयास सांगतो. पंचवीस वर्षे जपावयाची वस्तू बावीस मिनिटांच्या बॅटरीवर सोडून आम्ही निर्धास्त झोपत होतो.

उपाय केला तो आपल्याच मंडळातील एका तरुणाने. तो आम्हांस ‘डॉक्टरकाका’ म्हणतो आणि फी म्हणून फक्त आमच्या घरचे मटण स्वीकारतो. आमची यजमान प्रणाली प्रॉक्समॉक्स आहे. ती लिनक्सवर उभी असल्याने तिच्यात ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’, संक्षेपाने नट, ही विनामूल्य आज्ञावली थेट बसविता येते. तिचे तीन भाग आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन उमगतात. पहिला भाग यूएसबीच्या तारेतून यूपीएसची नाडी पाहतो. दुसरा तो तक्ता, कोणालाही वाचता येईल असा, भिंतीवर टांगतो. तिसरा तक्त्यावर नजर ठेवून निर्णय घेतो: वीज आहे, बॅटरीवर आहे, बॅटरी संपत आली आहे. शेवटची अवस्था आली की तो यजमानास बंद होण्याची आज्ञा देतो. यजमान आधी बिऱ्हाडांना ठरलेल्या क्रमाने निरोप देतो, त्यांचे लिहिणे पुरे होऊ देतो आणि मग स्वतः मिटतो.

हे सांगण्यास सोपे. पहिल्या खेपेस आमच्या या भाच्याने आज्ञावली एका बिऱ्हाडात बसविली आणि यूएसबीची तार तेथे वळविली. परिणाम असा झाला की वीज गेल्यावर ते एक बिऱ्हाड शहाण्यासारखे दार लावून निजले, आणि शेजारी व इमारत यांना पत्ताच नाही. आज्ञावली यजमानावरच हवी, हा धडा त्या दिवशी मिळाला. दुसरी चूक आमची. क्ष-किरण यंत्राशेजारी आणखी एक संगणक आहे. त्याने नेटवर्कवरून तोच तक्ता वाचावा अशी योजना होती. ती चालेना. दोन संध्याकाळी डोके धरून बसल्यावर दिसले की दोहोंना जोडणारा नेटवर्क स्विच यूपीएसवर नव्हताच; भिंतीतल्या प्लगात होता. वीज जाताच तोच आधी मरत होता आणि निरोप वाटेतच राहत होता. आमच्या सफाई कर्मचाऱ्याने त्या प्लगाकडे बोट दाखविले, हेही नमूद करणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. संगणक नीट बंद झाला आणि बॅटरी पूर्ण संपण्याआधीच वीज परत आली, तर यूपीएसचा पुरवठा तुटलेलाच नसतो. मग संगणकाला वीज आल्याचे कळणार कसे? तो सकाळपर्यंत मिटलेलाच राहतो. म्हणून अखेरच्या क्षणी आज्ञावली यूपीएसलाही पुरवठा काही काळ तोडावयास सांगते, आणि संगणकाच्या मूळ रचनेत ‘वीज आली की सुरू हो’ असे नेमून ठेवावे लागते. हे दोन्ही केल्यावरच आमच्या सुट्टीच्या सकाळच्या फेऱ्या वाचल्या.

एक उपकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. या आज्ञावलीत यूपीएसची तार ज्या संगणकाला जोडलेली असते त्याला ‘मास्टर’ आणि इतरांना ‘स्लेव्ह’ म्हणण्याचा रिवाज होता. धनी आणि गुलाम. २०२२ साली निघालेल्या २.८.० या आवृत्तीत हे शब्द बदलून ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ करण्यात आले. आमचा भाचा जुन्या पुस्तकावरून काम करीत होता, त्याने जुने शब्द टंकले होते. ते आम्ही त्याला खोडून पुन्हा लिहावयास लावले. ‘काका, जुने शब्दही चालतात,’ तो म्हणाला. चालतात, हे आम्हांला ठाऊक होते. सभागृहातील वडीलधारे हसत आहेत, त्यांना कारण सांगावे लागणार नाही.

बॅटरीविषयी मात्र डॉक्टर म्हणून बोलतो. शिसे-आम्लाची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. सुट्टीच्या दिवशी वातानुकूलन बंद करून आपण दार लावून जातो, तेव्हा त्या खोलीत ऑगस्टमध्ये काय होत असेल ते पाहा. पडद्यावर ‘शंभर टक्के भरलेली’ असे दिसते, आणि भार पडताच ती चार मिनिटांत मान टाकते. तपासणीचा कागद उत्तम आणि रोगी खाटेवर, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

म्हणून दर तीन महिन्यांनी, शेवटचा रुग्ण गेल्यावर आणि त्या दिवसाची प्रत काढून झाल्यावर, आम्ही भिंतीतला प्लग स्वतःच्या हाताने ओढतो आणि घड्याळ लावून बसतो. पहिल्या वेळी हात कापला, हे कबूल करतो. गेल्या खेपेस हिशेबाचे बिऱ्हाड अडून बसले. कोणीतरी त्यात एक खिडकी उघडी ठेवली होती आणि ‘जतन करू का?’ असा प्रश्न पडद्यावर उभा होता. त्याचे उत्तर द्यायला कोणी नव्हते. तीन मिनिटे वाट पाहून यजमानाने ते सक्तीने मिटविले. त्या बिऱ्हाडासाठीची तजवीज भाचा येत्या शनिवारी येऊन करणार आहे. मटण सांगून ठेवले आहे.

ज्यांच्या दुकानात किंवा कचेरीत असा संगणक आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर यूपीएसचे जुने खोके उघडून पाहावे. तार बहुधा त्यातच असेल.

जयभीम.