लॉकर, वेव्हपूल आणि पंपघर

(जबलपूरमधील ओमती इथे पदवीच्या वर्गांत शिकणाऱ्या मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. सोबत काम केलेल्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.)



मला विषय दिला होता ‘पीएचडीपर्यंतची वाट’. त्याचं प्रश्नोत्तरात बोलू. फॉर्म, फेलोशिप, गाइड कसा मिळतो, सगळं सांगते. त्याआधी मला एका उन्हाळी नोकरीबद्दल बोलायचं आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणांनी पेपर संपल्यावर अशी नोकरी केली आहे, हे मला माहीत आहे. कोणी लग्नाच्या सीझनला कॅटरिंगमध्ये ताटं उचलतं, कोणी मॉलमध्ये उभं राहतं. बायोडेटा लिहायला बसलो की मात्र ही ओळ आपण गाळतो.

2017 चा उन्हाळा. माझं बीए संपत आलं होतं आणि एमएच्या प्रवेशाचे पैसे घरात नव्हते. शहराबाहेर एक वॉटर पार्क होता. त्याचं नाव घेत नाही, कारण तिथे घडलेलं कुठेही घडतं. मुंबई-पुण्याकडे तुमचे नातेवाईक असतील तर गोराईचं एस्सेलवर्ल्ड माहीत असेल, 1989 चं. खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 चं. आमचा पार्क त्यांच्यापुढे हौदाएवढा. तीन मोठ्या घसरगुंड्या, एक लाटांचा तलाव, एक रेन डान्स. होळीनंतर सुरू आणि पहिला चांगला पाऊस पडला की बंद. रोज दोनशे रुपये, हातात, आठवड्याने. मला लॉकर आणि कॉश्च्यूमच्या काउंटरवर उभं केलं.

तिथली एक पद्धत मला फार आवडली होती. कोणी कोणाला नावाने हाक मारत नसे. जो जिथे उभा, तेच त्याचं नाव. मी ‘लॉकर’. तलावावरचा जीवरक्षक ‘वेव्हपूल’. गेटवर हाताला कागदी पट्टा बांधणारा मुलगा ‘बँड’. वॉकी-टॉकीवर दिवसभर चालायचं, “बड्डे, वेव्हपूल को बोलो लॉकर से दो ट्यूब ले जाए.” आडनाव कुठेच नाही. मला वाटलं, वा, हे बरं आहे.

आडनाव जेवणाच्या सुट्टीत आलं.

इथे जबलपूरमध्ये आपल्या मराठी बोलण्याचं काय होतं ते तुम्ही अनुभवलं असेल. इथल्या माणसाला मराठी आडनावं वाचता येत नाहीत. त्याच्या डोक्यात मराठी म्हणजे जुन्या वाड्यातले, गणपती बसवणारे, शाळेत शिकवणारे. माझे आजोबा भंडाऱ्याकडून गन कॅरिज फॅक्टरीत कामाला आले, तशी अनेक महार कुटुंबं फॅक्टऱ्यांमुळे आणि रेल्वेमुळे इथे आली आणि पुढे बौद्ध झाली, हे त्या चित्रात बसत नाही. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने आपल्या डब्याशेजारी मला जागा करून दिली आणि म्हणाला, “मराठी लोग तो पंडित होते हैं ना?” मी म्हटलं, “नहीं भैया, हम बौद्ध हैं. बाबासाहेब वाले.” तो “अच्छा, अच्छा” म्हणाला. वाईट काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारची जागा भरलेली होती, आणि तिसऱ्या दिवशीही.

मग मी पंपघराकडे गेले. तिथे हाउसकीपिंगची एक भाभी आधीपासून जेवत होती. ती बसोर समाजातली. तिच्या सासरी बांबूची सुपं आणि टोपल्या विणत. प्लास्टिक आलं तसं ते काम गेलं आणि ती झाडूवर आली. ती सांगायची की घसरगुंडीवर ट्यूब देण्याच्या कामासाठी विचारायला आली होती. ठेकेदाराने तोंडाकडे पाहिलं, गाव आणि मोहल्ला विचारला आणि संडास-बाथरूम दिलं. जागा भरली असती तर समजलं असतं, पण त्याच आठवड्यात ट्यूबवर दोन नवे चेहरे आले. तिला बाकी सगळे ‘ए’ म्हणायचे. वॉकी-टॉकीवरसुद्धा तिला नाव नव्हतं.

थोड्या दिवसांनी वेव्हपूल तिथे येऊन बसू लागला. तो नर्मदेकाठच्या, ग्वारीघाटच्या नावाड्यांच्या घरातला, बर्मन. लहानपणी घाटावर लोकांनी टाकलेली नाणी बुडी मारून काढायचा. त्याच्याकडे पोहण्याचं कुठलंही सर्टिफिकेट नव्हतं आणि त्या सीझनला त्याने दोन मुलांना पाण्यातून ओढून काढलं. मागून बँड आला, मंडल्याकडचा गोंड मुलगा, आयटीआय करणारा. पंपाचा इतका आवाज की ओरडून बोलावं लागायचं. क्लोरीनच्या वासात आम्ही भाकरी आणि भाभीची टमाटरची चटणी खायचो. तिच्या डब्यात आधी बँडने हात घातला. विचारलंसुद्धा नाही. भाभी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग पुढच्या दिवसापासून चटणी जास्त आणू लागली.

आता माझ्या काउंटरचं सांगते, कारण समाजशास्त्र मी पुस्तकाआधी तिथे शिकले. कॉश्च्यूम भाड्याने मिळायचे. बायका विचारत, “धुला हुआ है ना? किसने पहना था?” मी सांगायची, धुतलेला आहे. कोणी घातला होता ते मलाही माहीत नसायचं. सकाळी अधारतालच्या मजुराच्या मुलीने घातलेला कॉश्च्यूम दुपारी राइट टाउनच्या डॉक्टरांच्या सुनेच्या अंगावर असे. मग सगळे त्या एका तलावात. बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये समाजातल्या गटांची एकमेकांत मोकळी ये-जा हवी असं म्हटलंय. मला ते वाचताना आमचा लाटांचा तलाव आठवतो. हसू नका. तीनशे-चारशे रुपये तिकीट घेऊन का होईना, तिथे लोक एका पाण्यात उतरत होते. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायल्याबद्दल आपल्या लोकांची डोकी फोडली गेली, आणि त्या तळ्यावरचा हक्क हायकोर्टातून पक्का व्हायला 1937 उजाडलं. हे आठवलं की तलावाकडे बघणं बदलतं.

संविधानाच्या पंधराव्या कलमाचं दुसरं उपकलम घरी जाऊन वाचा. विहिरी, तळी, घाट हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच उपकलमात दुकानं, हॉटेलं यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीच्या जागाही आहेत. करमणूक ही किरकोळ गोष्ट वाटते, पण ज्यांना गेटवर अडवलं जातं त्यांना ती कधीच किरकोळ वाटत नाही. मार्टिन लूथर किंग यांनी एप्रिल 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. टीव्हीवर फनटाउन नावाच्या पार्कची जाहिरात पाहून ती विचारते, आपण का जाऊ शकत नाही? तो पार्क काळ्या मुलांना बंद होता. बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक पार्कसाठी लोकांनी वर्षानुवर्षं निदर्शनं केली, अटका करून घेतल्या. तो सर्वांना खुला झाला 28 ऑगस्ट 1963 ला, ज्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं त्याच दिवशी. त्या दिवशी तिथल्या चक्री घोड्यावर बसलेली पहिली काळी मुलगी, शॅरन लँग्ली, अकरा महिन्यांची होती.

म्हणजे गेट उघडण्याची लढाई खरी होती, आणि ती आपल्यासाठी आधीच्यांनी लढली. माझा प्रश्न गेटच्या आतला आहे. तलावात कोणीही उतरू शकत होतं. पण संडास कोण धुणार, ट्यूब कोण देणार, गल्ल्यावर कोण बसणार हे आधीच ठरलेलं होतं. पुढे एमएला असताना जॉन व्हॅन मानेन या अमेरिकन अभ्यासकाचा डिस्नीलँडवरचा 1991 चा लेख वाचला. तो विद्यार्थी असताना तिथे राइड चालवायचा. तिथल्या कामगारांतही उतरंड होती, वर गाइड, मग राइडवाले, मग झाडूवाले, तळाला खाण्याच्या गाड्यांवरचे, आणि प्रत्येकाच्या गणवेशावरून ती कळायची. वाचताना मी मान डोलावत होते. मग थांबले. तिथे माणूस कामावर लागल्यावर पायरीवर उभा राहत होता. आमची भाभी पायरी घेऊनच गेटवर आली होती. हा फरक मला कोणत्याही वाचन-यादीतून मिळाला नसता.

14 एप्रिल त्या वर्षी शुक्रवारी आला होता आणि त्याच दिवशी गुड फ्रायडे. सलग तीन दिवस सुट्टी. पार्क तुडुंब. बाबासाहेबांच्या जयंतीची सुट्टी म्हणून लोक मजा करायला आले, आणि ज्यांची जयंती त्यांच्या माणसांना सुट्टी नाही. मी आठवडाभर आधी अर्ज दिला होता, नाकारला गेला. वेव्हपूलने काय केलं सांगते. त्याला जयंतीशी काही देणंघेणं नव्हतं, त्याच्या घरी नर्मदामाई आणि हनुमान. पण तो म्हणाला, “दीदी, चार बजे निकल जाओ, लॉकर हम देख लेंगे.” आणि त्याने जोडीदाराला तलावावर उभं करून माझ्या काउंटरवर स्वतः चाव्या वाटल्या. मी मिरवणुकीत पोचले. दुसऱ्या दिवशी त्याचे शंभर रुपये कापले. मी अर्धे द्यायला गेले, त्याने घेतले नाहीत. मग भाभीने आमचं भांडण मिटवलं, त्या पन्नास रुपयांचे समोसे आणले.

जूनमध्ये पाऊस आला, पार्क बंद झाला आणि शेवटच्या एकोणीस दिवसांची मजुरी थांबली. “अगले सीझन में आओ, जोड़ के दे देंगे.” बारा जणांचे पैसे होते. आता इथे पदवीचा उपयोग येतो, असं तुम्हाला वाटेल. थोडा आला. अर्ज मी लिहिला. मध्य प्रदेशच्या 1958 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सार्वजनिक करमणुकीच्या जागा मोजल्या जातात, हे कोर्टाजवळच्या एका वकीलकाकांनी फुकट सांगितलं. पण अर्जाला जोडायला पुरावा काय? हजेरीचं रजिस्टर ठेकेदाराकडे. माझ्याकडे काही नव्हतं, मी मोबाइलमध्ये फोटो काढत होते ते ढगांचे. पुरावा निघाला वेव्हपूलच्या खिशातून. आठवी पास मुलगा. त्याच्याकडे एक छोटी वही होती आणि त्यात रोज, बारा जणांच्या नावापुढे, एक रेघ. घाटावर नावेच्या फेऱ्या मोजायची त्याच्या वडिलांची सवय होती, ती त्याला लागली होती. पावसाच्या दिवशी अर्धी रेघ.

त्या वहीची झेरॉक्स लावून आम्ही श्रम कार्यालयात अर्ज दिला. पंधरा दिवसांनी ठेकेदाराने बोलावून पैसे दिले. दहा जणांना. भाभीला आणि तिच्या जोडीदारणीला नाही, कारण हाउसकीपिंगचा ठेका दुसऱ्याच्या नावावर होता आणि तो म्हणाला, माझ्याविरुद्ध अर्जच नाही. कागदावर ते बरोबर होतं. एकाच पार्कमध्ये, एकाच उन्हात, दोन ठेके. संडास धुणाऱ्यांचा ठेका वेगळा ठेवला की बाकीच्यांचा प्रश्न सुटताना त्यांचा आपोआप मागे पडतो.

दुसरा अर्ज दिला तेव्हा साक्षीला ज्यांचे पैसे मिळाले होते त्या दहांपैकी सहा जण आले. चौघं आले नाहीत, त्यांना पुढचा सीझन हवा होता. मी त्यांना दोष देत नाही, फक्त संख्या सांगते. आलेल्यांत ट्यूबवरची एक ठाकूर मुलगी होती, जी सीझनभर पंपघराकडे फिरकली नव्हती. तिने सही केली आणि न बोलता गेली. भाभीचे पैसे दिवाळीनंतर मिळाले, तेही पूर्ण नाहीत.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जिवांपर्यंत. मी धम्मावर बोलण्याची अधिकारी नाही. पण आपल्यासारखी पहिल्यांदा शिकलेली मुलं गावाकडे, मोहल्ल्याकडे बऱ्याचदा करुणेनेच बघायला लागतात. आपण त्यांच्यासाठी काही करू, असं. पंपघरात मला कोणावर दया करायची सोय नव्हती. चटणी भाभीची, वही वेव्हपूलची, माझा फक्त अर्ज. बँड अजून माझ्या संशोधनाला “टाइमपास” म्हणतो आणि दर महिन्याला किती पानं झाली ते विचारतो. माझा गाइडसुद्धा इतकं विचारत नाही.

भाभी आता एका नर्सिंग होममध्ये आहे. काम तेच, ठेका तिसऱ्याच्या नावावर. तिची मुलगी बारावीला आहे. परवा तिचा फोन आला होता, कॉलेजचा फॉर्म कधी निघतो विचारायला. मी तारीख बघून सांगते म्हटलं. तुमच्यापैकी ज्याला ती तारीख आधी कळेल त्याने मला कळवा.

आणि ज्यांचे या सीझनचे पैसे अडकले आहेत त्यांनी चहा झाल्यावर थांबा. दोन्ही अर्जांच्या कॉपी मी आणल्या आहेत. ठेकेदाराचं नाव तपासून लिहा, एकाहून जास्त असतील तर सगळ्यांची लिहा. हजेरी कोणी लिहून ठेवली असेल तर ती वही घेऊन या.