शेत घेण्यापूर्वी

हेब्बाळला राहणाऱ्या माझ्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबाने बंगळूरची दगदग सोडून दोन एकर शेतावर साधेपणाने राहावयाचे ठरविले आहे. महाराष्ट्रात त्यांचे अडले. तेथील १९४८ च्या कूळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून सहसा शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकातही १९६१ च्या भूसुधारणा कायद्याने अशीच आडकाठी होती. ती २०२० मध्ये दूर झाली. तेव्हा शोध चिक्कबळ्ळापूरकडे वळला.

परंतु कागद निर्वेध असला म्हणजे जमिनीला पाणी असतेच, असे नाही. त्या जिल्ह्यात बारमाही नदी नाही. पावसावर नाचणी होईल, भाजीपाल्याचे काय? तळी आटली, कूपनलिका खोल खोल गेल्या. आज तेथील कित्येक तळ्यांत जे पाणी दिसते, ते हेब्बाळ-नागवार खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून नळांवाटे नेलेले आहे. मौज पाहा, ज्या शहराला हे कुटुंब रामराम ठोकणार, त्याच्या न्हाणीघरांतले पाणी त्यांच्याआधीच खेड्यात पोहोचलेले! हे शुद्धीकरण दोन टप्प्यांचे असते; तिसरा टप्पा हवा, असा तेथील शेतकऱ्यांचा आग्रह आहे आणि मला तो रास्त वाटतो.

मी त्यांना इतकेच सुचविले, की श्रावणातल्या हिरवळीवर भाळू नका. जमीन एप्रिलात पाहा, आणि इसार देण्यापूर्वी शेजारच्या शेतकऱ्याला त्याची कूपनलिका किती फूट गेली ते विचारा.