दहापैकी किती? पाठीतल्या यंत्राचं ट्यूनिंग

आज सेटिंग्जबद्दल बोलायचंय, पण मोबाईलच्या नाही.

स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर म्हणजे मणक्याच्या पोकळीत बसवलेल्या बारीक तारा आणि कातडीखाली एक बॅटरी. विजेच्या हलक्या पल्समुळे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचताना दबतो. १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी पहिला बसवला. ऑपरेशनचं कौतुक सगळे करतात. खरी चिकाटी लागते ती नंतरच्या ॲडजस्टमेंटला.

करंट किती, एक पल्स किती मायक्रोसेकंदांची, सेकंदाला किती पल्स, हे तर आहेच. शिवाय कुठला इलेक्ट्रोड प्लस, कुठला मायनस, कुठला बंद. एका तारेवर आठ इलेक्ट्रोड धरले तर नुसती याचीच ६,५६१ कॉम्बिनेशन्स होतात. दोन तारा असतील तर ४ कोटी ३० लाखांच्या वर! त्यातली बरीचशी निरुपयोगी, मान्य. तरी सगळी कोण तपासणार?

आम्ही सॉफ्टवेअरवाले काही बिघडलं की लॉग बघतो. इथे लॉग म्हणजे पेशंट काय सांगतो ते. जुन्या पद्धतीत, साधारण ४० ते ६० हर्ट्झला, मुंग्या येतात. त्या दुखऱ्या जागीच येतायत ना, हे विचारत विचारत इलेक्ट्रोड ठरवतात. १० किलोहर्ट्झला मुंग्याच येत नाहीत, म्हणजे सेटिंग करून वाट बघायची.

माझ्या मावशीच्या वेळी मी शेजारी बसलो होतो. "दहापैकी किती?" "सहा." प्रोग्रॅम बदलला. पुन्हा "सहा". पण आधी ठणकत होतं, आता आग होत होती! कळ, ठणका, सणक, चमक, एवढे शब्द आपल्याकडे, आणि फॉर्मवर आकड्यापुरता चौकोन. मला हे पटतच नाही.

त्यात उताणं झोपलं की मज्जारज्जू इलेक्ट्रोडच्या जवळ सरकतो आणि तोच करंट जोरात लागतो. खुर्चीत बसून केलेलं सेटिंग रात्री नकोसं होतं. मज्जारज्जूचा प्रतिसाद मोजून करंट आपोआप कमीजास्त करणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेत २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. भारी आहे, पण ठणका की आग, हे त्यालाही कळत नाही.

तेव्हा अपॉइंटमेंटला जाताना वही न्या. कुठला प्रोग्रॅम, किती वाजता, बसून की झोपून, आणि दुखणं कसं, ते आपल्या शब्दांत. मुंग्या अचानक भलतीकडेच यायला लागल्या तर रिमोटशी खेळत बसू नका, तार सरकलेली असू शकते, डॉक्टरांना फोन करा.

मावशीच्या वहीत एका रात्रीची नोंद एवढीच होती: "डावी कूस, दोन नंबर, झोप लागली." पुढच्या खेपेला टेक्निशियननं तिथूनच सुरुवात केली.