लंडनचे सहा दिवस आणि माझी वही

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. काही जणांनी मागितला म्हणून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



आपल्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांतली मुलं आता पुण्याच्याही पुढे गेली आहेत. त्यामुळे गेटवर कोणी ना कोणी मला थांबवतं, ‘साहेब, तुम्ही टूर कंपनीशिवाय लंडन केलं म्हणे. कसं केलं?’ हे लिफ्टजवळ उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून आज बोलतो.

2018 चा जून. पुतण्या नोकरीला लीड्सला. तो म्हणाला, ‘काका, लंडन तुम्ही बघून घ्या, मग माझ्याकडे या.’ म्हणजे सहा दिवस आम्ही दोघंच. मी सदतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. लगेच वही आखली.

आधी व्हिशाचं सांगतो, कारण तिथेच लोक अडतात. युरोपचा शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही, ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आम्ही मुंबईला गेलो. खात्यात आदल्या आठवड्यात मोठी रक्कम आणून टाकू नका, ती कुठून आली हे विचारतात. आपण पण विचारायचो की! विमा काढताना बीपी-शुगर लपवू नका. गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. आणि पेढे, तूप नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडे आणू देत नाहीत. शेंगदाण्याची चटणी चालते, आम्ही दोन डबे नेली.

आता वही. माझ्या वहीत रकाने होते : वेळ, ठिकाण, भाडं, शेरा. दुसऱ्या दिवसाचं पान असं होतं. साडेनऊला टॉवर ऑफ लंडन, बाराला सेंट पॉल चर्च, दीडला ब्रिटिश म्युझियम, चारला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, सहाला पार्लमेंट. कागदावर सगळं बसत होतं. टॉवरमध्ये कोहिनूर बघायला सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं, हिरा दिसतो न दिसतो तोच आपण पुढे. पण तिथवर पोचेपर्यंतच रांगेत पाय गेले. ब्रिटिश म्युझियमला तर चार दिवस पुरायचे नाहीत, आम्ही तासाभरात उरकलं. साडेतीनला भुयारी रेल्वेच्या स्टेशनात जिने उतरलो आणि आमच्या मंडळी बाकावर बसल्या. आमच्या सौ. धुळ्याच्या, रागावल्या की अहिराणीत येतात. म्हणाल्या, ‘मी आते आठेच बससू. तुम्ही जा.’

तीन गाड्या गेल्या. मग आम्ही खोलीवर परत.

रात्री त्यांनी एकच विचारलं, ‘तुम्ही इन्स्पेक्शनला आलात का?’ मी वही दाखवली, म्हटलं तुझं म्युझियम होतं ना चारला. त्या म्हणाल्या, ‘पाऊण तास.’

हे पाऊण तासाचं काय ते सांगायला हवं. सौ. शाळेत चित्रकला शिकवायच्या. दर दोन वर्षांनी मुलींची सहल अजिंठ्याला न्यायच्या. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला मेजर रॉबर्ट गिल 1844 मध्ये तिथे आला आणि वर्षानुवर्षं राहिला. त्याची मोठमोठी चित्रं लंडनला गेली आणि 1866 मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच 1885 च्या आगीत गेल्या. जे वाचलं ते या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये. गिलची कबर आपल्या भुसावळला आहे. मी भुसावळ शाखेत असताना सौ. ती शोधत गेल्या होत्या, मी क्लोजिंगमध्ये होतो. तर त्यांना लंडनमध्ये हवं होतं ते एवढंच. आणि मी त्याला पार्लमेंटच्या आधी पाऊण तास दिला होता.

तिसऱ्या दिवशी वही बंद. नाश्ता करून थेट म्युझियम. तिथे चौकशीच्या टेबलावर कळलं, ती चित्रं बाहेर मांडलेली नाहीत, भांडारात आहेत. बघायची तर आधी कळवावं लागतं. बाईंनी नम्रपणे सांगितलं, चूक त्यांची नव्हती. मी विमानात कोणती सीट घ्यायची हे तीन महिने आधी ठरवलं होतं, पण म्युझियमला दोन ओळींचं पत्र टाकायचं सुचलं नाही. मंडळी, माझ्या सगळ्या भाषणातलं हे तेवढं लिहून घ्या. ज्या एका गोष्टीसाठी जाताय, ती त्या दिवशी बघायला मिळेल का, हे इथूनच विचारा.

सौ. काही बोलल्या नाहीत. म्युझियमच्या मधल्या चौकात उथळ हौद आहे, उन्हाळ्यात पोरं त्यात पाय भिजवून खेळतात. तिथे दोन तास बसल्या. माझी वही आणि पेन्सिल मागून घेतली.

त्यानंतरचे दिवस खरं तर चांगले गेले. सकाळी एकच ठिकाण, मग जेवण, मग बाक. किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर बघितलं. 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्याच काळातला. बँकवाल्याने त्या घरी जायलाच हवं. शेजारी प्रिमरोझ हिल नावाची टेकडी आहे, वरून सगळं लंडन दिसतं, तिकीट नाही. हायगेटला क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर जुनं इंडिया हाऊस, सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे. घर खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं. आणि बँक ऑफ इंग्लंडचं म्युझियम. तिथे काचेच्या पेटीत हात घालून तेरा किलोची सोन्याची वीट उचलून बघता येते. सुवर्णनगरीतून गेलेला मी, एका हाताने जेमतेम हलली! सौ. हसल्या, सहा दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. हे शनिवार-रविवारी बंद असतं. या सगळ्या म्युझियमना प्रवेशही फुकट, टॉवरला मात्र चांगले पैसे पडतात.

भुयारी रेल्वेच्या नकाशावर काही स्टेशनांपुढे चाकाच्या खुर्चीची खूण असते, तिथे जिने नाहीत. गुडघेवाल्यांनी तीच धरावीत, नाहीतर सरळ बस. दुमजली बसमध्ये वर पुढे बसलं की वेगळी टूर लागत नाही. पण चढणं-उतरणं बस थांबल्यावरच.

सौं.च्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. पुन्हा जायचं त्यांच्या मनात आहे. या वेळी पहिलं पत्र म्युझियमला जाईल, आणि ते त्याच लिहिणार आहेत.

माझ्या वहीची झेरॉक्स सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहे, हवी त्यांनी न्यावी. तिसऱ्या दिवसाचं पान त्यात मिळणार नाही. त्यावर हौदात खेळणारी दोन पोरं काढलेली आहेत, ते सौं.नी फाडून आपल्याकडे ठेवलंय.